बाहेरून लेडीज कपडे मागवताय? आधी घेर बघा

दसरा-दिवाळीचा माल बांगलादेश किंवा चीनमधून थेट मागवायचा असेल, तर आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक), जीएसटी, एडी कोड (परदेशी व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकेचा कोड) यांची नोंद हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच. त्यावर शब्द घालवत नाही. टॅरिफ कोडची, म्हणजे मालावरची कस्टम्स ड्युटी ज्यावरून ठरते त्या आकड्याची, तयारी मात्र ऑर्डर देण्याआधी करा. कोड सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, टाकेल म्हणून निर्धास्त राहू नका. बिल ऑफ एन्ट्रीत (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या अर्जात) दिलेल्या माहितीची जबाबदारी आयातदाराचीच.

प्रत्येक डिझाइनचा एक नग हातात हवाच, फोटोवर भागत नाही. कापड होजिअरीचं असेल तर टॅरिफचं प्रकरण ६१, मागावरचं असेल तर ६२; कोडचे पहिले दोन आकडे हेच. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या, विणकरांच्या वस्तीतल्या माणसाला हे सांगायला नको. इतरांनी शिवणीच्या आतली कडा भिंगाखाली धरावी: फासे दिसले तर होजिअरी, उभे-आडवे धागे दिसले तर माग. ताणतं म्हणजे होजिअरी असं समजू नका; लायक्रा घातलेलं मागावरचं कापडही ताणतं.

आता घेर. टॉप उलटा करा आणि खालची कड बघा. तिथे नाडी आहे? इलॅस्टिक? रिबची पट्टी? कमरेखाली खिसा? यातलं एक जरी असलं, तरी तो टॉप ६१०६ किंवा ६२०६ या ब्लाऊजच्या शीर्षकात (चार आकडी कोडात) बसत नाही, मग पुरवठादार इन्व्हॉइसवर ‘लेडीज ब्लाऊज’ म्हणून काहीही लिहो. मागावरचा असेल तर बहुधा ६२११, होजिअरीचा असेल तर ६११० किंवा ६११४ बघावं लागतं. मागच्या खेपेला माझं हेच बघायचं राहिलं. गळा बघितला, बाह्या बघितल्या, कापड बघितलं. घेरातली बारीक नाडी कोणी बघितली नाही आणि माल बंदरात अडकून भाडं चढत राहिलं. म्हणून सांगतो, घेर बघा. एका डिझाइनचा बघून बाकीचे तसेच असतील असं धरू नका, प्रत्येकाचा बघा.

मग धागा. मिश्र कापडात वजनाने जो धागा जास्त, त्याचा कोड. पाच टक्के लायक्राने काही बदलत नाही. पण रेयॉन, व्हिस्कोस पॉलिस्टरच्या खात्यात टाकू नका. ड्रेसमध्ये पॉलिस्टर ६२०४ ४३ आणि व्हिस्कोस ६२०४ ४४, दोन्ही वेगळे. ब्लाऊजमध्ये मात्र दोन्ही ६२०६ ४० मध्येच. पुरवठादाराकडून टक्केवारी डिझाइनवार लेखी घ्या, ‘मिक्स फॅब्रिक’ एवढ्यावर सोडू नका.

सेटमध्ये फार जण फसतात. कुर्ता आणि पलाझो एकाच पिशवीत आले म्हणून एक कोड लागत नाही. दोन्हींचं कापड, रंग, धाग्याचं प्रमाण एकच हवं. कुर्ता छापील आणि पलाझो प्लेन असेल तर दोघांचे कोड वेगळे. दुपट्टाही वेगळा, मागावरचा असेल तर ६२१४. आणि हो, त्या कुर्त्याच्या घेरात नाडी नाही ना, तेही बघून घ्या.

बटणपट्टी: समोर उजवी बाजू डावीवर आली तर बायकांचं. कळतच नसेल तरीही बायकांच्याच शीर्षकात.

बांगलादेशच्या मालाला साफ्टाची (दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार कराराची) ड्युटी सवलत घ्यायची तर मूळ देशाचं प्रमाणपत्र हवं, आणि कॅरोटार २०२० या कस्टम्सच्या नियमांप्रमाणे त्यामागची माहितीही तुमच्याकडे हवी. प्रमाणपत्रावरचा आणि बिल ऑफ एन्ट्रीवरचा कोड जुळला पाहिजे. घेर न बघता पुरवठादाराने कोड टाकला असेल तर इथेच घोळ होतो. १७ मे २०२५ च्या आदेशाने बांगलादेशचे तयार कपडे जमिनीच्या नाक्यांवरून बंद झाले, बंदरं फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता. न्हावा शेवाहून बेळगावला यायला निपाणीवरून जाणारा हमरस्ता आहेच, ट्रकभाडं त्या हिशेबाने धरा.

बंदी असलेले अ‍ॅझो रंग कापडात नसल्याचा दाखला माल तिकडून निघण्याआधीच घ्या, नाहीतर इथे नमुना तपासणीला जातो. लेबलवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी. आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, वर १८.

एवढं करूनही एखाद्या डिझाइनचा कोड ठरत नसेल, तर कस्टम्सच्या मुंबईतल्या प्राधिकरणाकडे आगाऊ निवाडा, म्हणजे माल येण्याआधीच कोडचा निर्णय, मागता येतो. त्याला महिने लागू शकतात, तेव्हा ते डिझाइन यंदाच्या ऑर्डरीतून काढा.