व्हिक्टोरिया लिलीचं बी सुकू द्यायचं नाही

परातीसारखी काठ उचललेली ती भलीमोठी पानं बघून बरेच जण विचारतात की हे आपल्याकडे बियांपासून येतं का, तर येतं, फक्त बी एकदा सुकलं की संपलं. कागदी पाकिटात कोरडं बी कोणी देत असेल तर घेऊच नका, पाण्यात ठेवलेलंच मागा.

इंग्लंडातल्या लोकांना हे कळायला बरीच वर्षं गेली. शॉम्बुर्क नावाच्या प्रवासी संशोधकाला ही लिली १८३७ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या बर्बिस नदीत दिसली, लिंडली या वनस्पतीशास्त्रज्ञाने व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं, पण रोपं काही टिकेनात. शेवटी १८४९ मध्ये स्वच्छ पाण्याच्या बाटल्यांत बी आलं, लंडनच्या क्यू गार्डनमध्ये उगवलं, तिथलं एक रोप पॅक्स्टन या माळ्याने चॅट्सवर्थच्या हवेलीच्या बागेत नेलं आणि नोव्हेंबरात फुलवलं!

आता आपलं. थंडी पडणाऱ्या गावात या लिलीची क्रुझियाना ही जात घ्या, ती पॅराग्वे-अर्जेंटिनाकडची, थोडा गारवा सोसते. अमेझॉनिका या दुसऱ्या जातीला सतत ऊब लागते. बी वाटाण्याएवढं असतं, त्याचं छोटं झाकण ब्लेडच्या टोकाने अलगद उचलायचं, आतला गर दुखवायचा नाही, मग काचेच्या बरणीत पाणी घालून उन्हात किंवा फिशटँकच्या हीटरवर ३० डिग्रीच्या आसपास ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं. पहिलं पान सुईसारखं येतं, मग बाणासारखं, गोल पानं नंतर, त्यामुळे सुरुवातीला घाबरू नका. दोन-तीन पानं आली की छोट्या कुंडीत पोयटा माती भरून लावा, वर दोन-चार बोटं पाणी, आणि वाढेल तशी कुंडी मोठी करत जा.

जागेबद्दल मात्र स्पष्ट सांगते, ड्रममध्ये हे होणार नाही. पान दीड-दोन मीटर सहज होतं, म्हणून हौद किमान चार-पाच मीटर रुंद, पाणी कमरेच्या आसपास आणि दिवसभर ऊन हवं. खत भरपूर लागतं, मी जुनं शेणखत फडक्यात बांधून मुळाशी खोचते. हातमोजे जाड घाला, पानाखाली आणि देठाला काटे भयंकर असतात. डासांसाठी गप्पी मासे सोडा.

फूल संध्याकाळी उमलतं. पहिल्या रात्री पांढरं, अननसासारखा वास, आतून चक्क गरम, आणि तेव्हा ते मादी असतं. जंगलात भुंगेरे त्या वासाला आत शिरतात, फूल मिटतं, ते अडकतात, दुसऱ्या संध्याकाळी फूल गुलाबी होऊन परागकण देतं आणि तेच अंगावर घेऊन ते पुढच्या पांढऱ्या फुलाकडे जातात. आपल्याकडे ते भुंगेरे नाहीत, म्हणून गुलाबी फुलातले पराग ब्रशने पांढऱ्या फुलाच्या मधल्या वाटीत टाकायचं काम आपलं, रात्री टॉर्च घेऊन. फळ पाण्याखाली पिकतं, त्याला जाळीची पिशवी बांधून ठेवा नाहीतर बी विखुरतं. पॅराग्वेकडे या बियांना पाण्यातला मका म्हणतात, खातातही, आणि आपला मखाणा हिचाच सगळ्यात जवळचा भाऊबंद.

बी मिळालं की धुऊन लगेच पाण्यात.