डेलिलीवरचा तांबेरा: रोपं निवडताना या चुका टाळा

डेलिली या फुलझाडाच्या पानांवरचा तांबेरा अमेरिकेत पहिल्यांदा २००० साली आढळला. ही बुरशी जिवंत पानावरच जगते. उत्तरेकडे थंडीत पानं मरतात आणि तीही संपते. फ्लोरिडात मात्र सदाहरित जातींवर तिला जानेवारीतही आसरा मिळतो.

आधी निदान नीट करा. पानाच्या मध्यशिरेवरून टोकाकडून पिवळा पट्टा उतरत आला की अनेकजण तांबेरा समजून फवारणीला लागतात. तो बहुधा दुसराच करपा असतो. पांढरा टिश्यू पेपर पानाच्या खालच्या बाजूने फिरवून पाहा. त्यावर नारिंगी भुकटीचा डाग उमटला, तरच तांबेरा.

संध्याकाळी पानांवरून पाणी मारू नका. पान पाच-सहा तास ओलं राहिलं की बीजाणूंना रुजायला तेवढं पुरतं. पॅट्रिनिया हे या बुरशीचं दुसरं यजमान झाड, म्हणजे डेलिलीखेरीज ती ज्यावर जगते ते, पण उबदार भागात तिला त्याची गरज पडत नाही. त्यामुळे फक्त पॅट्रिनिया उपटून रोग जात नाही.

सगळ्यात महागात पडते ती संकराच्या वाफ्यातली, म्हणजे नवी जात निवडण्यासाठी वाढवलेल्या रोपांवरची फवारणी. अझॉक्सिस्ट्रोबिन किंवा प्रॉपिकोनाझोल ही बुरशीनाशकं मारलेल्या वाफ्यात प्रत्येक रोप निरोगीच दिसणार. त्यातून निवडलेलं फूल कितीही देखणं असलं, तरी झाडाच्या अंगात ताकद आहे की औषधाची कृपा, हे कळायला मार्ग उरत नाही. फवारणी हवीच असेल तर शोभेच्या वाफ्यापुरती ठेवा. रोपांच्या ओळींत उलट ‘पार्डन मी’सारखी पटकन तांबेरा धरणारी जात मुद्दाम लावा. तिच्या शेजारी राहूनही जे स्वच्छ राहील, तेच खरं. मला तरी याहून प्रामाणिक परीक्षा माहीत नाही.

फ्लोरिडातल्या जुलै-ऑगस्टच्या उन्हात तांबेरा आपोआप मंदावतो, तेव्हाच्या हिरव्या पानांवर निकाल देऊ नका. वसंतात आणि शरदात, निदान दोन वर्षं पाहा. बुरशीचेही निरनिराळे प्रकार आहेत; एका बागेत टिकलेली जात दुसरीकडे आजारी पडू शकते. म्हणून तांबेरा न धरणाऱ्या जातींच्या यादीतल्या नावापेक्षा स्वतःच्या वाफ्यातली नोंद मोलाची.

परागीकरणाआधी गुणसूत्रं तपासा: २२ गुणसूत्रांच्या द्विगुणिताचा (दोन संच असलेल्या झाडाचा) ४४ गुणसूत्रांच्या चतुर्गुणिताशी (चार संच असलेल्याशी) संकर सहसा धरत नाही. आई-बाप दोघंही तांबेऱ्याला बळी पडणारे नसावेत. एक नाजूक असेल, तर दुसरा वर्षानुवर्षं स्वच्छ राहिलेला घ्या आणि पराग सकाळीच, ऊन चढायच्या आत लावा.