जुन्या घराचा तापलेला स्लॅब थंड कसा करावा: खर्च किती, अनुदान कुठून

मे महिन्यात रात्री साडेनऊला स्टुलावर उभं राहा आणि छताला तळहात लावून बघा. अकोल्यातल्या आमच्या १९७९ च्या घरात तो ताप आलेल्या माणसाच्या कपाळापेक्षा गरम लागायचा. सूर्य मावळून अडीच तास झालेले, बाहेर गल्लीत वारा सुटलेला, आणि घरात मात्र पंखा छताखालची तापलेली हवाच अंगावर ढकलतोय. नवतपात घरातले म्हातारे आणि लहान मुलं रात्र रात्र झोपत नाहीत ती याच स्लॅबमुळे. दिवसभर खाल्लेलं ऊन तो रात्रभर खाली सोडत राहतो.

आमचं घर, मग अमरावतीला ताईचं, खामगावला काकांचं, आणि पुढे ओळखीपाळखीतली बारा-तेरा छतं मी उभं राहून करून घेतली आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. एकमजली किंवा वरच्या मजल्याच्या घरात पहिला रुपया छतावर, आणि छताच्या वरच्या बाजूला खर्च करायचा. भिंती नंतर.

सल्ला देणारे नेमकं उलटं सांगतात. सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे फॉल्स सीलिंग. त्याने स्लॅब तापायचा थांबत नाही, फक्त तुमच्या नजरेआड तापतो. खोलीची उंची जाते, आणि वर गळती सुरू झाली तर पीओपीवर डाग उमटेपर्यंत कळत नाही. दुसरा सल्ला, छताला आतून थर्माकोलच्या शीट चिकटवा. हे कृपा करून करू नका. वायरिंगला आग लागली तर थर्माकोल वितळून जळते थेंब खाली पडतात. तिसरा, जुन्या कोब्यावर, म्हणजे स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर, आणखी एक कोबा ओता. चार-साडेचार इंच विटांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. माणसं चढतात अशी गच्ची साधारण दीडशे किलोचा जादा भार धरून बांधलेली असते. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर असा बोजा टाकायला सांगणाऱ्या मिस्त्रीला मी दारातूनच परत पाठवतो.

आधी ठरवा: नुसता रंग की बोर्ड

भाड्याचं घर असेल किंवा हात आखडता असेल तर पांढऱ्या कूल रूफ कोटिंगचे दोन हात द्या. डब्यावर एसआरआयचा, म्हणजे ऊन परतवून छत थंड ठेवण्याच्या गुणाचा, आकडा शोधा, तो शंभरच्या जितका जवळ तितका चांगला. आकडाच छापलेला नसेल तर तो डबा घेऊ नका. आमच्याकडे मजुरी धरून चौरस फुटाला २० ते ३० रुपये लागतात. चुना आणि फेव्हिकॉलचं मिश्रण याहून कितीतरी स्वस्त पडतं आणि एक उन्हाळा छान काढतं, पावसात धुऊन जातं. कोटिंग असो की चुना, धूळ बसली की त्याचा गुण बराच उतरतो. मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलच्या शेवटी एकदा गच्ची धुवा.

घर स्वतःचं असेल आणि त्यात आणखी वीस वर्षं राहायचं असेल तर बोर्ड. बोर्ड म्हणजे एक्सपीएस, दाबून केलेला घट्ट फोम, ५० मिलिमीटर जाड. पांढरा दाणेदार थर्माकोल नाही, तो पाणी पितो. काँक्रीट उष्णता एक्सपीएसच्या सुमारे पन्नास पट वेगाने वाहून नेतं, म्हणून दोन इंचांचा हा थर एवढं काम करतो. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत नव्या घरांच्या छतासाठी मर्यादा घातली आहे: दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकामागे १.२ वॅट. उघडा सहा इंची स्लॅब याच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. दोन इंच बोर्ड घातला की आकडा त्या मर्यादेच्या निम्म्याच्याही खाली येतो. आमच्या घरी बोर्डाआधी रात्री नऊला छत थर्मामीटर गनने ४४ अंश दाखवायचं, नंतरच्या उन्हाळ्यात ३६ ते ३७.

खरं काम: कोब्यातलं पाणी

आता जे सांगतोय ते नीट वाचा. माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडाले.

आमच्या घराचं काम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. पाऊस संपून दहा दिवस झाले होते. वरून गच्ची कोरडी ठणठणीत दिसत होती. ठेकेदार म्हणाला, आता वाट कशाला बघता, आणि मी ऐकलं. चार दिवसांत बोर्ड, जाळी, वरचा गिलावा, सगळं आटोपलं. दिवाळीत देवघराच्या कोपऱ्यात पिवळा डाग दिसला. जानेवारीत, तीन महिने थेंबभर पाऊस नसताना, पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकायला लागलं. आई रोज सकाळी तिथलं पातेलं उचलून रिकामं करायची.

पाणी आलं कुठून? जुना कोबा म्हणजे विटांचे तुकडे. चार महिन्यांच्या पावसात ते स्पंजसारखे पाणी धरतात, आणि एरवी हिवाळाभर उन्हाने ते पाणी वरच्या वाटेने सुकत जातं. मी बोर्ड घालून ती वाट बंद केली होती. मग पाण्याला खालीच यावं लागलं. शेवटी सगळं उखडावं लागलं, आणि बोर्ड परत वापरण्याजोगे राहिले नाहीत.

म्हणून हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच करा, आणि तेव्हाही कोब्याची परीक्षा घेतल्याशिवाय बोर्ड गच्चीवर चढवू नका. दीड फूट बाय दीड फुटाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करून गच्चीवर चिकटवा आणि एक पूर्ण दिवसरात्र राहू द्या. सकाळी प्लॅस्टिकच्या आतून बारीक थेंब दिसले, किंवा खालची जागा आजूबाजूपेक्षा काळपट झाली, तर कोबा ओला आहे. आणखी पंधरा दिवस थांबा. एकाच जागी बघून समाधान मानू नका. पाण्याच्या टाकीजवळ, पन्हाळीच्या तोंडाशी आणि मधोमध अशा किमान पाच ठिकाणी करा. ताईच्या घरी चार जागा कोरड्या निघाल्या आणि टाकीजवळची पाचवी घामाघूम. टाकीचा नळ वर्षानुवर्षं झिरपत होता.

त्यानंतर हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळी गच्ची वाजवून घ्या. जिथे बद्द आवाज येतो तिथला कोबा खालून सुटलेला आहे. तेवढा काढून नवा भरायचा. मिस्त्री म्हणेल वरून सिमेंटचं पाणी फिरवतो, बसून जाईल. नाही बसत.

मग वॉटरप्रूफिंग, आणि ते बोर्डाच्या खाली. हा क्रम उलटा करू देऊ नका. खाली असलं की बोर्ड त्याला उन्हापासून वाचवतो आणि ते टिकतं. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेने कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करून वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर वर चढवलंच पाहिजे. गळती गच्चीच्या मधून क्वचित, कडेनेच येते. पाइपाचं तोंड बंद करून दोन इंच पाणी साठवा आणि ४८ तास ठेवा. या दोन रात्री मी दर काही तासांनी खाली छत बघतो. ठेकेदाराची घाई इथे अजिबात चालू देऊ नका, कारण यानंतर चूक दिसणारही नाही आणि सापडणारही नाही.

बोर्ड मांडण्याआधी दोन मापं घ्या. एक, जिन्याच्या दाराचा उंबरा. बोर्ड, गिलावा आणि वरचा थर धरून गच्ची साडेचार-पाच इंच वर येते. उंबरा तेवढा उंच नसेल तर पहिल्या पावसाला पाणी जिन्यात उतरेल. दोन, पन्हाळीचं तोंड. त्याच्या भोवती फूटभर चौकात बोर्ड घालूच नका, तो भाग खोलगट राहू द्या.

पुढचं सोपं आहे. खाचेचे बोर्ड एकमेकांत बसवून वर जिओटेक्स्टाइलचं कापड, कोंबडी जाळीसकट दोन इंच गिलावा, त्याला चार-चार फुटांवर काप, आणि वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. बोर्ड उन्हात उघडा ठेवून मजूर सुट्टीवर जाऊ नयेत एवढं बघा.

सगळा मिळून खर्च आम्हाला गेल्या वेळी चौरस फुटाला १८० ते २३० रुपयांच्या दरम्यान आला. यात बोर्डाचे साठ-सत्तर, उरलेले वॉटरप्रूफिंग, मोझॅक आणि मजुरीचे. सहाशे फुटांच्या छताला सव्वा लाख धरून चला. कोबा उखडायची वेळ आली तर तो खर्च वेगळा.

अनुदान

लोक मला पहिलं हेच विचारतात, म्हणून सरळ सांगतो: स्लॅबवर बोर्ड किंवा रंग लावायला म्हणून घरमालकाच्या हातात पैसे देणाऱ्या योजनेच्या भरवशावर बसू नका. पैसे मिळतात ते सौर पॅनलला, आणि पॅनल म्हणजे छतावर धरलेली सावलीच. म्हणून दोन्ही कामं एकत्र आखा.

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० मिळतात. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या घरांना राज्याच्या २०२५ च्या 'स्मार्ट' योजनेतून वर आणखी मदत आहे. केंद्राचं अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं, पॅनल भारतीय बनावटीचे, म्हणजे डीसीआर, असतील तरच. 'अनुदान वजा करूनच किंमत सांगतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून पूर्ण किमतीचं बिल लिहून घ्या.

दुरुस्तीसाठी बँकेचं गृहसुधार कर्ज घेतलंत आणि प्राप्तिकर जुन्या प्रणालीने भरत असाल, तर राहत्या घराच्या बाबतीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा होतं. व्याजाचं प्रमाणपत्र बँकेकडून मागून घ्या.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. सौरवाले लोखंडी सांगाड्याचे पाय थेट गच्चीत बोल्ट ठोकून बसवतात. तुम्ही पोटाला चिमटा काढून केलेल्या वॉटरप्रूफिंगला वीस-पंचवीस भोकं पडतात. म्हणून पॅनलचा नकाशा आधी मागा, पायांच्या जागी काँक्रीटचे चौथरे वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्या, आणि वॉटरप्रूफिंग त्या चौथऱ्यांवर चढवा. तीन किलोवॅटला अडीचशे-तीनशे फूट जागा जाते, म्हणजे आमच्यासारख्या घराचं जवळजवळ निम्मं छत सावलीत येतं. पॅनल आणि गच्ची यांत दोन फूट तरी मोकळे ठेवा, हवा खेळली पाहिजे आणि खराटा फिरला पाहिजे.

भिंतींचं म्हणाल तर पश्चिमेच्या भिंतीला फिकट रंग आणि बाहेरून हिरवी जाळी पुरते.

जुन्या घरांत अनुदान अडतं ते मीटरच्या नावावर. आमचं वीजबिल आजोबांच्या नावाने येत होतं, ते जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. अर्जदार, वीजबिल आणि बँक खातं यांवरचं नाव जुळायला हवं. घरपट्टीचा उतारा आणि वारसांची संमतीपत्रं जमवून महावितरणकडे नावबदलाचा अर्ज द्यायचा. पुण्या-मुंबईला असलेल्या भावंडांच्या सह्या गोळा करण्यातच आमचे दोन महिने गेले. बोर्ड फेब्रुवारीत घालायचे असतील तर हा अर्ज दिवाळीतच, सगळे घरी जमतात तेव्हा सह्या घेऊन, देऊन टाका.