टार्टची वाटी खुसखुशीत ठेवण्यासाठी

समारंभासाठी आदल्या दिवशी भरून ठेवलेला टार्ट (मैद्याच्या भाजलेल्या वाटीत सारण भरलेला पदार्थ) वाढेपर्यंत तळाशी मऊ पडतो, आणि कोल्हापुरात गौरी-गणपतीच्या दिवसांतल्या दमट हवेत ही अडचण अधिकच जाणवते. त्यासाठी वाटी भाजून पूर्ण गार झाल्यावर तिच्या आतल्या बाजूस वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ थर ब्रशने, तळ आणि कडा यांच्या जोडावर विशेष लक्ष देऊन, कोठेही फट न ठेवता लावावा व तो घट्ट होईपर्यंत वाटी फ्रीजमध्ये ठेवावी. या थरातील स्निग्धांशामुळे सारणाचे पाणी वाटीत उतरत नाही. स्वस्तातले कंपाऊंड चॉकलेटही (कोको बटरऐवजी दुसरा वनस्पतिजन्य स्निग्धांश घातलेले) या कामाला पुरते.

सारण म्हणून म्हशीच्या दुधाच्या दह्याचा चक्का मला क्रीमपेक्षा सरस वाटतो. दही कापडात बांधून रात्रभर फ्रीजमध्येच निथळत ठेवावे, म्हणजे ते आंबत नाही, आणि त्यात साखर नेहमीच्या श्रीखंडापेक्षा बरीच कमी घालावी, कारण चॉकलेटचा गोडवा असतोच. फळांच्या फोडींना पाणी सुटत असल्याने त्या वाढण्याच्या वेळीच मांडाव्यात.

चॉकलेट वितळवताना भांडे व चमचा पूर्ण कोरडा असावा. पाण्याचे थोडे थेंब पडले तरी चॉकलेट घट्ट होऊन त्याच्या गुठळ्या होतात आणि मग ते ब्रशने पसरत नाही.