तीस जणांनी शिवलेले आकाश : अवकाश-विषयाची सामूहिक गोधडी कशी करावी

२०१३ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात राहत असताना अंतराळवीर कॅरन नायबर्ग यांनी ताऱ्याचा एक चौकोन हाताने शिवला आणि पृथ्वीवरच्या शिवणाऱ्यांना आवाहन केले की त्यांनीही आपापला ताऱ्याचा चौकोन करून पाठवावा. मोजमाप एकच होते, कडेच्या शिलाईसकट ९.५ इंच. दोन हजारांहून अधिक चौकोन आले. ते जोडून तयार झालेले काम २०१४ मध्ये ह्यूस्टनच्या आंतरराष्ट्रीय क्विल्ट महोत्सवात मांडले गेले. वजनरहित अवस्थेत कापड टेबलावर पसरून ठेवता येत नाही, त्यामुळे ते हवेत तरंगत असतानाच कापावे लागते, ही अडचण नायबर्ग यांनी सांगितली होती. आपल्याला ती अडचण नाही. मात्र पुष्कळ हातांचे चौकोन एका कापडात बसवण्याची अडचण तीच आहे आणि या लेखाचा बराचसा भाग तिच्यासाठीच आहे.

प्रत्येक चौकोन वेगळ्या नमुन्याचा असलेल्या अशा गोधडीला सॅम्पलर म्हणतात. मी अशा दोन गोधड्यांचे संयोजन केले आहे. पहिली फसली, कारण सगळे लक्ष चौकोन सुंदर यावेत याकडे होते आणि प्रत्येकीने आपल्या घरातले गडद कापड पार्श्वभूमीला वापरले होते. चौकोन खरोखरच सुंदर आले, पण शेजारी मांडल्यावर तीस निरनिराळी आकाशे दिसू लागली. म्हणून दुसऱ्या वेळी नियम केला की आकाश संयोजकाने द्यायचे आणि त्यातले ग्रहतारे इतरांनी करायचे.

पार्श्वभूमीचे गडद निळे सुती कापड, पॉपलिन किंवा केंब्रिक, सगळ्यांसाठी एकाच ताक्यातून घ्यावे. निळ्या रंगाच्या छटा ताक्यागणिक बदलतात आणि हा फरक दुकानातल्या दिव्यात कळत नाही. पुढे दिलेल्या मापाच्या गोधडीसाठी ४४ इंच पन्ह्याचे आठ मीटर कापड पुरते. त्यातले साधारण साडेचार मीटर चौकोनांना, अडीच मीटर पट्ट्या, किनार आणि गोट यांना लागते आणि उरलेले आटण्यासाठी व चुकांसाठी असते. कापण्यापूर्वी ते पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे, सावलीत वाळवावे आणि मग ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून रंग जातो का ते पाहावे. सहभागी व्यक्तींनाही आपापली रंगीत कापडे धुऊन घेण्याची अट घालावी, विशेषतः लाल रंगाची. पहिल्या गोधडीतला मंगळ वाफेच्या इस्त्रीखाली असा पसरला की शेजारच्या चंद्राला खग्रास ग्रहण लागले.

माप असे ठरवले आहे : आडवे पाच आणि उभे सहा, असे तीस चौकोन, तयार झाल्यावर प्रत्येकी ९ इंचांचे. त्यांच्यामध्ये आणि भोवती २ इंचांच्या पट्ट्या, त्याबाहेर ४ इंचांची किनार. त्यावरून तयार गोधडी ६५ इंच रुंद आणि ७६ इंच लांब होते, म्हणजे एका माणसाला पुरेशी. पट्ट्या चौकोनांच्याच निळ्या कापडाच्या असाव्यात. वेगळ्या रंगाच्या पट्ट्यांनी प्रत्येक चौकोन खिडकीसारखा बंद होतो. त्याच रंगाच्या पट्ट्यांनी मात्र चौकोनांच्या कडा दिसेनाशा होतात आणि सगळे एका आकाशात तरंगू लागते. पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे २ इंचांचे बेचाळीस छोटे चौकोन बसतात. ते प्रत्येकीने आपल्या जुन्या साडीचा किंवा सदऱ्याचा तुकडा पाठवून भरावेत. दुरून ते विखुरलेल्या ताऱ्यांसारखे दिसतात.

विषयांचे वाटप संयोजकानेच करावे. निवड मोकळी ठेवली तर निम्म्या लोकांना शनी हवा असतो. आमची यादी अशी होती : सूर्य, आठ ग्रह, चंद्राच्या चार कला, सहा तारकासमूह, तुकडे जोडून केलेले सहा तारे आणि शेवटी धूमकेतू, आकाशगंगा, सूर्यग्रहण, अग्निबाण व २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरलेल्या चांद्रयान-३ चे लँडर. हे तीस होतात, पण कबुली छत्तीस जणांकडून घ्यावी. चार-पाच चौकोन कधीच येत नाहीत आणि जास्त आलेच तर ते अस्तराच्या बाजूला लावता येतात. सूर्य आणि ग्रह एकाच प्रमाणात दाखवण्याचा मोह कुणाला झाला तर वेळीच थांबवावे. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे १०९ पट आहे, त्यामुळे सूर्य ८ इंचांचा केला तर पृथ्वी जेमतेम मोहरीएवढी ठरेल. एलेन हार्डिंग बेकर यांची १८७६ सालची सूर्यमालेची लोकरी गोधडी अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. आयोवातल्या खेड्यांमध्ये खगोलशास्त्रावर व्याख्याने देताना त्या ती वापरत असत. त्या गोधडीतही कक्षा आणि ग्रह दाखवले आहेत ते दिसावेत आणि समजावेत म्हणून, प्रमाणात नव्हे.

प्रत्येकीला १४ इंचांचा निळा चौरस आणि सूचनांचे एक पान पाठवावे. त्या पानावरची सर्वांत महत्त्वाची सूचना ही की चौकोन ९.५ इंचांचा करून पाठवू नये, तर १० इंचांचा करून पाठवावा आणि शेवटचे काटछाट संयोजकावर सोडावे. शिलाईसाठी पाव इंच सोडायचे हे सगळ्यांना माहीत असते, पण प्रत्येकीच्या यंत्रावरचा पाव इंच निराळा असतो. भरतकामाने तर कापड चांगलेच आवळते. म्हणून भरतकाम किंवा कापडावर कापड लावण्याचे काम असेल तर ते ११ इंचांच्या चौरसावर करावे आणि उलट बाजूने इस्त्री करून मग १० इंचांना कापावे.

तुकडे जोडून केलेल्या ताऱ्याला ही सवलत सरळ लागू होत नाही, कारण त्याची टोके कडेला भिडतात आणि काटछाटीत उडतात. त्यासाठी तारा मुळातच लहान करावा. नऊ घरांचा आठ टोकी तारा घ्या. निळ्या कापडाचे ३ इंचांचे चार चौरस कोपऱ्यांसाठी आणि पिवळ्या कापडाचा तेवढाच एक मध्यासाठी कापा. मग दोन्ही रंगांचे ३.७५ इंचांचे प्रत्येकी दोन चौरस कापून दोन्ही कर्णांवर छेद द्या. एका चौरसातून चार त्रिकोण मिळतात. दोन निळे आणि दोन पिवळे त्रिकोण समोरासमोर येतील असे जोडले की ३ इंचांचे एक घर होते. अशी चार घरे ताऱ्याच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना बसतात, निळा त्रिकोण मधल्या चौरसाला लागलेला हवा. कर्णावरची कड उरेब, म्हणजे विणीला तिरकी, असते आणि ओढली की वाढते, म्हणून त्रिकोण शिवताना हाताने खेचू नयेत आणि इस्त्री फिरवू नये, नुसती टेकवावी. नऊ घरे जोडून ८ इंचांचा तारा तयार झाला की भोवती १.५ इंच रुंदीच्या निळ्या पट्ट्या लावाव्यात. चौकोन बरोबर १० इंचांचा होतो, टोके कडेपासून सुरक्षित राहतात आणि तारा मोकळ्या आकाशात असल्यासारखा दिसतो.

ग्रहांसाठी वाटी किंवा डब्याचे झाकण ठेवून जाड कार्डाची चकती कापावी. कापड तिच्यापेक्षा चहूबाजूंनी अर्धा इंच मोठे कापून कडेने धावदोरा घालावा, चकती मध्ये ठेवून दोरा ओढावा, इस्त्री करावी आणि चकती काढून घ्यावी. गोल इतका नेटका येतो की तो बारीक टाक्यांनी निळ्यावर बसवणे एवढेच काम उरते. रंगांच्या बाबतीत आग्रह धरावा. मंगळ विटकरी, गुरू पांढऱ्या व बदामी पट्ट्यांचा आणि त्यावर एक तांबूस ठिपका, युरेनस फिकट हिरवट निळा. नेपच्यून चित्रांमध्ये गडद निळा दाखवतात, पण प्रत्यक्षात तोही युरेनससारखाच फिकट आहे. शिवाय निळ्यावर गडद निळा ग्रह दिसतच नाही, तेव्हा इथे विज्ञान आणि सोय एकत्र आले आहेत.

तारकासमूह हा माझा आवडता भाग आहे आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. नकाशा कागदावर छापून ताऱ्यांच्या जागी सुईने भोके पाडावीत, कागद सुलट ठेवून खडूची पूड चोळावी. कागद उलटा पडला की सप्तर्षींची शेपटी भलत्या बाजूला वळते आणि ते कापड शिवून झाल्यावरच कुणाच्या तरी लक्षात येते. तारे गाठीच्या टाक्याने भरावेत : ठळक ताऱ्याला सहापदरी दोरा, मंद ताऱ्याला दोन पदर. ताऱ्यांना जोडणाऱ्या रेघा शक्यतो नकोत. हव्याच असतील तर एकपदरी करड्या दोऱ्याने. वसिष्ठाशेजारी अरुंधतीची बारीक गाठ विसरू नये. मृगात काक्षी तांबूस आणि तिच्या तिरक्या समोरचा राजन्य निळसर पांढरा, मध्ये बाणाचे तीन तारे एका ओळीत. शर्मिष्ठेचे पाच तारे सर्वांत सोपे असल्यामुळे हा चौकोन नवशिक्या व्यक्तीला द्यावा. चंद्रकलांबाबत एक खुलासा : आपल्याकडे शुक्ल पक्षातली कोर उजवीकडून उजळते, पण ऑस्ट्रेलियातून चौकोन पाठवणाऱ्या मैत्रिणीने ती डावीकडून उजळलेली काढली तर ती चूक समजू नये, तिच्या आकाशात ती तशीच दिसते.

चौकोन येऊ लागले की प्रत्येकाच्या मागे क्रमांकाची चिठ्ठी टाचावी आणि वहीत नाव, गाव व विषय लिहावा. हे आले त्याच दिवशी करावे. मग मोजावे. १० इंचांपेक्षा लहान पण ९.५ च्या वर असेल तर काही बिघडत नाही. त्याहून लहान असेल तर भोवती निळी पट्टी जोडून तो वाढवावा. आकाश एकाच कापडाचे असल्यामुळे ही दुरुस्ती दिसत नाही. दुसऱ्याचे काम उसवून पुन्हा शिवण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न मात्र प्रत्येक संयोजकाला पडतो. माझ्या मते विचारल्याशिवाय उसवू नये. तिरका शनी तसाच राहू द्यावा.

सगळे चौकोन मधोमध ठेवून ९.५ इंचांना कापल्यावर जमिनीवर चादर पसरून मांडणी करावी. सूर्य वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवावा आणि बाकीची रचना त्याच्या हिशोबाने करावी. धूमकेतूचे शेपूट नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, म्हणून तो चौकोन फिरवून बसवावा लागतो; त्यावर अक्षरे भरू नयेत असे संबंधितांना आधीच सांगितलेले बरे. फिकट चौकोन एका बाजूला गोळा झाले आहेत का हे डोळ्यांना पटकन कळत नाही. फोनवर कृष्णधवल छायाचित्र काढले की लगेच कळते.

जोडणीत विशेष काही नाही. २.५ बाय ९.५ इंचांच्या एकाहत्तर पट्ट्या आणि २.५ इंचांचे बेचाळीस लहान चौरस कापून आधी आडव्या ओळी कराव्यात, मग ओळी एकमेकींना जोडाव्यात. शिलाईचे कापड नेहमी पट्टीच्या बाजूला दाबावे आणि छेदांवर टाचणी लावून मगच टीप मारावी. किनारीच्या पट्ट्या ४.५ इंचांच्या कापून आधी उभ्या बाजूंना, मग आडव्या बाजूंना लावाव्यात.

वरचा थर तयार झाला की तो जमिनीवर ताणून सूर्याच्या मध्यावर दोरीचे एक टोक कुणाला तरी धरायला सांगावे आणि दुसऱ्या टोकाला साबणाची झिजलेली चिपटी बांधून तीन-तीन इंचांवर कंस काढत जावे. गोधडीभर कक्षा उमटतात. त्या कुणाच्या चौकोनाच्या हद्दी पाळत नाहीत, तिसांतून आरपार जातात, आणि शिवून झाल्यावर गोधडी एकजीव दिसते ती यांच्यामुळेच. रेषा ग्रहावर किंवा भरतकामावर आली तर टाका तिथे थांबवून पलीकडून पुन्हा सुरू करावा.

अस्तरासाठी एक जुनी सुती साडी पुरते : ७३ इंचांचे दोन तुकडे कापून लांबीच्या कडेने जोडावेत. ते उलट बाजू वर करून जमिनीवर चिकटपट्टीने ताणावे, वर कापसाचे बॅटिंग, म्हणजे मधला मऊ थर, किंवा आपल्या पद्धतीप्रमाणे मऊ साडीचे दोन पदर घालावेत आणि सर्वांत वर हे आकाश. चार-चार बोटांवर कच्चे टाके घालून तिन्ही थर धरावेत. गोधडी शिवणाऱ्या आपल्याकडच्या बायका पुष्कळदा कडेपासून आत गोल फिरत जातात. इथे मात्र मध्यापासून बाहेर जावे, नाहीतर जोडकामाचा फुगवटा मध्ये साठतो. धावदोऱ्याला पांढरा जाड सुती दोरा घ्यावा. टाके अगदी बारीक नसले तरी चालतील, पण सारखे असावेत.

गोटासाठी २.५ इंचांच्या पट्ट्या तिरक्या जोडून दुहेरी दुमडाव्यात, सुलट बाजूने यंत्रावर टीप मारावी आणि मागे वळवून हाताने हेमिंग करावे. अस्तराच्या खालच्या कोपऱ्यात मांजरपाटाचा एक तुकडा लावून त्यावर वहीतली सगळी नावे, गावे आणि वर्ष दोऱ्याने भरावे. हे पाच-सहा संध्याकाळींचे काम आहे. शाईने लिहून ते वाचवता येईल असे वाटते, पण शाई थोड्याच धुण्यांत फिकी पडते.