अ‍ॅक्टिव्हावर बसेल तेवढंच घ्या : जुन्या वस्तू ऑनलाइन विकायची सुरुवात

सुरुवात माळ्यावरून करा. न वापरलेला मिक्सर, मुलांना लहान झालेली सायकल, लग्नात आलेला तिसरा डिनर सेट. भांडवल लागत नाही, आणि वस्तू घरचीच असल्याने तिची खोडही ठाऊक असते. हे विकता विकता फोटो, भाव, लोकांचे मेसेज यांची सवय होते. बाहेरचा माल त्यानंतर.

मी राहते पुण्यात, सदाशिव पेठेत. स्पर्धा परीक्षेची आणि कॉलेजची मुलं इथे कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक कॉट भाड्याने घेऊन, राहतात. मे-जूनमध्ये जुनी जातात, नवी येतात. जाणाऱ्याला सामान गावी न्यायचं नसतं आणि खोली एक तारखेच्या आत सोडायची असते. येणाऱ्याला सगळं आजच हवं असतं. मधले दोन-तीन आठवडे माल ठेवायला जागा असली की झालं. तुमच्याकडे मुलं नसतील तर बदलीवाल्यांची वसाहत असेल, भाड्याने राहणारे आयटीवाले असतील. घर सोडणारी माणसं कुठे आहेत ते शोधा, आणि वॉचमनकाकांशी ओळख ठेवा.

आता काय घ्यायचं? स्टडी टेबलचा मोह सगळ्यांना होतो. हिशोब मांडा: टेबल ८०० ला घेतलं, छोटा हत्ती टेम्पो ५००, चढवायला-उतरवायला माणूस २००, विकलं १,६०० ला. उरले १००, आणि कंबर धरली ती वेगळी. म्हणून माझा नियम, अ‍ॅक्टिव्हाच्या पायाशी बसेल तेच घ्यायचं: मिक्सर, इंडक्शन, कुकर, इस्त्री, घडीचं टेबल. पुस्तकंही चालतात, पण आवृत्ती बघून. गेल्या वर्षीच्या चालू घडामोडी म्हणजे रद्दी.

मिक्सर सगळ्यात लवकर जातो, पण तपासल्याशिवाय घेऊ नका. जार उलटा करून खालचा कपलर बघा. दाते झिजले असतील तर भाव पाडा, नवा स्वस्तात मिळतो. आतलं पातं हाताने फिरवू नका, खालून कपलर धरून हलवा. डुगडुगला तर आतलं बुश, म्हणजे पात्याचा दांडा धरणारी नळी, झिजलंय. मग जारमध्ये पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवा आणि पोराशी गप्पा मारत बसा. पाच मिनिटांत कागद ओला झाला तर तो जार चटणीच्या पाण्यासकट ओट्यावर गळणार. शेवटी मशीन अर्धा मिनिट चालवून नाक जवळ न्या. जळका वास आला की ‘बघते हं, कळवते’ म्हणून निघा.

कुकरचा तळ फुगलेला असेल तर फुकटही नको. लाकडी पलंगाच्या सांध्यांत टॉर्च मारा; काळे ठिपके म्हणजे ढेकूण, आणि ते आधी तुमच्या घरात उतरतील. गाद्या मी घेतच नाही.

मोबाइलच्या नादी सुरुवातीला लागू नका. घ्यायचाच तर बिल मागा, *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर काढा, आणि इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. ब्लॅकलिस्टेड आलं तर हात लावायचा नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हाच आहे.

फोटो सकाळी, गॅलरीतल्या उजेडात. मागे मळकी चादर नको. आणि ओरखडा असेल तर त्याचा वेगळा, जवळून फोटो टाका. गिऱ्हाईक दारात येऊन ‘हे तर सांगितलं नव्हतं’ म्हणालं की दोनशे तिथेच गेले. मजकुरात कंपनी, वॅट, किती वर्षं वापरलं, बिल आहे की नाही. टेबल असेल तर लांबी-रुंदी इंचात. भाव ठरवताना आधी तीच वस्तू नवी कितीला आहे ते बघा, सेलमधल्या किमतीसकट. नव्याच्या निम्म्या भावाच्या वर गेलात तर लोक नवंच घेतात.

‘लास्ट प्राइस?’ एवढाच मेसेज येईल. रागावू नका, पण भाव मेसेजवर उतरवूही नका. ‘येऊन बघा, चालू करून दाखवते, मग बोलू’. येणारा येतो. ‘काकू, ठेवून द्या, रविवारी येतो’ म्हणणाऱ्याकडून थोडं टोकन घ्या, नाहीतर रविवार उजाडत नाही.

एक जण मात्र वस्तू न बघताच पूर्ण किंमत द्यायला तयार होतो, मी फौजेत आहे म्हणतो, आणि ‘पैसे येण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवतो. यूपीआयवर पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो ना पिन टाकावा लागतो. ब्लॉक करा. घरात कुणी फसलंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. समोरच्याने ‘पेड’ची स्क्रीन दाखवली तरी आपल्या बँकेत रक्कम दिसल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका, मग तो कितीही घाईत असो.

वहीत चार रकाने आखा: घेतलं, दुरुस्ती, पेट्रोल, विकलं. रिटर्न भरताना ही कमाई दाखवायची असते, तेव्हा हीच वही लागते.

महिनाभर पडून राहिलेल्या वस्तूचा भाव उतरवा. तरी गेली नाही तर आमच्याकडे जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथल्या एखाद्या दुकानदाराला मिळेल त्या भावात द्या आणि जागा मोकळी करा, कारण जूनमधली पोरं यायला लागलेली असतात.