समाजकार्य आणि फौजदारी न्यायाच्या विद्यार्थ्यांचा सत्कार: कौतुक करा, केस उघडी पाडू नका

या दोन विभागांचा सत्कार इतरांसारखा उरकता येत नाही. विद्यार्थ्याचं उत्तम काम इथं कुणाच्या तरी आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांशी जोडलेलं असतं, आणि ती व्यक्ती सभागृहात नसते. त्यामुळे व्यासपीठ, फुलं, माइक यांच्या आधी गौरवपत्रात काय लिहायचं आणि काय नाही, हे ठरवावं लागतं.

तारखेपासून सुरुवात करू. जागतिक समाजकार्य दिन मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी असतो, म्हणून पुष्कळ जण तोच दिवस धरतात. दोन अडचणी येतात. क्षेत्रकार्य, म्हणजे विद्यार्थ्यांनी संस्थांत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, तेव्हा संपलेलं असेलच असं नाही, आणि फौजदारी न्यायाची मुलं दुसऱ्याच्या कार्यक्रमाला आल्यासारखी बसतात. क्षेत्रकार्याची मूल्यमापनं हातात आल्यावर दोन आठवड्यांच्या आत कार्यक्रम घेतलेला बरा. तुरुंग, न्यायालय, निवारागृह इथल्या पर्यवेक्षकांना बोलवायचं तर त्यांच्या ड्युटीच्या वेळा आधी विचारा. नाहीतर पहिली रांग रिकामी राहते.

नावं मागवायला आठ आठवडे आधी सुरुवात करा. अर्ज एकाच पानाचा ठेवा आणि त्यात तीनच प्रश्न विचारा: विद्यार्थ्यानं नेमकं काय केलं, त्यामुळे कामाच्या पद्धतीत काय बदललं, आणि हे कोणी पाहिलं. निवड समितीत तिघं असावेत: दोन्ही विभागांचा एकेक शिक्षक आणि बाहेरचा एक क्षेत्रकार्य पर्यवेक्षक. गुण द्यायचे तर क्षेत्रकामाला 40, लेखन व संशोधनाला 30, सहकाऱ्यांशी वागणुकीला 30 अशी वाटणी चालते. नुसत्या परीक्षेच्या टक्क्यांवर निवड केली, तर निकालपत्रक आणि सत्कार यांत फरक राहत नाही.

दोन बक्षिसं ठेवूच नका. ‘सर्वाधिक तास काम’ हे एक. त्यातून पुढच्या तुकडीला संदेश जातो की थकून कोसळणं म्हणजे निष्ठा. दुसरं ‘सर्वात अवघड केस’. दुःखांची स्पर्धा लागते, आणि ती जिंकायची तर केस रंगवून सांगावी लागते.

आता गौरवपत्र. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. प्रत्येकी 40 ते 45 शब्द पुरेत. सावकाश वाचलं तर पंचवीसेक सेकंद लागतात, चालत येऊन फोटो काढण्यात आणखी वीस. म्हणजे 40 विद्यार्थी अर्ध्या तासात होतात. शंभर शब्दांची गौरवपत्रं लिहिली, की विसाव्या नावापासून टाळ्या विरळ व्हायला लागतात.

सहसा मसुदा असा येतो: ‘बालगृहातल्या चौदा वर्षांच्या अत्याचारग्रस्त मुलीच्या आयुष्यात प्रकाश आणणारी...’ यात वय आहे, संस्थेचा प्रकार आहे, गुन्ह्याचं स्वरूप आहे. संस्थेचं नाव विद्यार्थिनीच्या परिचयात आधीच छापलेलं. लहान गावात एवढ्यावर मुलगी कोण ते कळतं. बालगुन्हेगारांबाबत संयुक्त राष्ट्रांच्या 1985 च्या बीजिंग नियमांत आठवा नियम हेच सांगतो: ओळख पटेल अशी माहिती प्रसिद्ध करू नये. पीडित बालकाबाबत तर दुप्पट जपायला हवं. तोच मजकूर असा लिहिता येतो: ‘पहिल्या मुलाखतीतल्या प्रश्नांचा क्रम बदलला, मुलांना एकच गोष्ट तीन जणांना सांगावी लागू नये म्हणून नोंदीचा एकच नमुना तयार केला, आणि संस्थेनं तो पुढेही वापरात ठेवला.’ कौतुक वाढलं, केस गेली. सोपी कसोटी अशी: वय, ठिकाण, गुन्हा, तारीख यांपैकी एकाहून जास्त गोष्टी मजकुरात असतील, तर खोडा. नंतर तो संबंधित पर्यवेक्षकाला वाचायला द्या. तुमच्या नजरेतून सुटलेलं त्याला दिसतं.

पूर्वीच्या लाभार्थ्यांना व्यासपीठावर बोलवून आभार मानायला लावण्याचा मोह अनेकांना होतो. टाळा. जो अजून प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आहे, त्याला त्या अधिकाऱ्यासमोर ‘नको’ म्हणताच येत नाही, मग त्याच्या होकाराला अर्थ काय? अनुभव सांगणारी व्यक्ती हवीच असेल, तर जिचा संस्थेशी आता कसलाही संबंध उरलेला नाही अशी बोलवा, वक्ता म्हणून, मानधन देऊन.

विद्यार्थ्यांचीही संमती लेखी घ्या. पर्याय तीन: नाव आणि फोटो, फक्त नाव, दोन्ही नको. काहींनी घरगुती हिंसेमुळे पत्ता लपवलेला असतो, काहींना पुढे तपासयंत्रणेत काम करायचं असतं. कारण विचारू नका. फोटो काढताना गळ्यातलं तुरुंगाचं किंवा न्यायालयाचं ओळखपत्र उतरवायला सांगा. समूहफोटोत तेच स्पष्ट वाचता येतं.

पोस्टर प्रदर्शन ठेवलं तर ए-1 आकार, म्हणजे 594 बाय 841 मिलीमीटर. शीर्षक 72 पॉइंटपेक्षा मोठं ठेवा, मजकूर 24 पॉइंटपेक्षा लहान नको. तक्त्यात पाचपेक्षा कमी माणसांचा आकडा आला, तर तो रकाना झाका किंवा शेजारच्याशी जोडा. ‘महिला कैदी: 1’ म्हणजे नाव छापल्यासारखंच.

व्यासपीठावरचा क्रम दोन विभाग आलटून पालटून लावा. एका विभागाची सगळी बक्षिसं आधी दिली, की त्याचे पाहुणे उठून जातात. नावाचा उच्चार ज्याचा त्यालाच विचारून सूत्रसंचालकाच्या कागदावर लिहून घ्या. प्रमाणपत्र छापण्याआधी नाव विद्यार्थ्याकडून तपासून सही घ्या, आणि पाच कोरी प्रती जास्त ठेवा. बक्षीस न मिळालेल्यांसह क्षेत्रकार्य पूर्ण केलेल्या प्रत्येकाचं नाव वाचलं जावं. संस्था बंद पडल्यामुळे मधेच बदली झालेले विद्यार्थी यादीतून हमखास गळतात, तेवढी यादी वेगळी तपासा.

आठवडाभरात गौरवपत्राची प्रत संस्थेला आणि विद्यार्थ्याला पाठवा. नोकरीच्या अर्जाला ती उपयोगी पडते. संमतीपत्रं जपून ठेवा. निवडीसाठी आलेले केसचा तपशील असलेले अर्ज मात्र नष्ट करा, ईमेलमधल्या प्रतींसकट.